सकाळी लिहिलं, उमटलं भलतंच

भिलाईत मराठी लग्नपत्रिका छापल्या जातात याचं नवल नको. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात येते, त्याच्या राज्याची राजधानी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूरच होती, आणि पुढे पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्यांत मराठी माणसंही होती. तिथल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘सकाळी’ टाइप होतंय, अशी कल्पना करा. एनच्या कळेवर ल, शिफ्ट धरून ळ. शब्द बरोबर उमटत असतो, आणि मध्येच पडद्यावर ‘एमकेईएनआर’ अशी रोमन अक्षरं दिसू लागतात.

कळफलक धडधाकट असतो. बिनसलेला असतो तो हुक.

अक्षरं बदलणारी काही सॉफ्टवेअरं विंडोजकडे अर्ज करतात: कोणत्याही खिडकीत कळ दाबली तरी आधी मला दाखवा. हा झाला सगळ्या यंत्रणेवरचा हुक. कळ हुकाकडे जाते, तो उत्तर देईपर्यंत टायपिंग ताटकळतं. म्हणून विंडोजने वेळेची मर्यादा घातली आहे. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती जास्तीत जास्त एक सेकंद. विंडोज ७ पासून मर्यादा वारंवार ओलांडणारा हुक गुपचूप काढून टाकला जातो. सॉफ्टवेअरला त्याची खबरही मिळत नाही. म्हणजे हुकातच कुणी शब्दकोश चाळत बसलं किंवा फाइलमध्ये नोंदी लिहीत राहिलं, तर सॉफ्टवेअर चालू दिसतं, पण कळा त्याला चुकवून निघून जातात. उपाय सरळ आहे: हुकाने कळ टिपून रांगेत टाकावी, बाकीचं काम दुसऱ्या थ्रेडने उरकावं.

दोष शोधताना पहिला प्रश्न एकच: बंद कुठे पडतं? सगळीकडे, की ठरावीक खिडकीतच? नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून पाहावं. तिथेच अक्षरं बदलत नसतील, तर अडचण अधिकारांची आहे: व्हिस्टापासून साध्या हक्कांच्या प्रोग्रॅमला वरच्या हक्कांच्या खिडकीतल्या कळा मिळत नाहीत.

अक्षरं दुहेरी पडत असतील तर गंमत वेगळीच. सॉफ्टवेअर स्वतः पाठवलेली कळ पुन्हा स्वतःच पकडत असतं. अशा कळांवर विंडोज खूण करून ठेवतं, ती तपासली की भागतं.

खरं तर नुसत्या टायपिंगसाठी हुकाची उठाठेवच नको. विंडोज २००० पासून देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच आहे, ळसकट.