आधी ओळख, मग मीठ

पावसाळा लागला की एक चित्रफीत मोबाइलवर हटकून फिरू लागते. ओल्या फरशीवरून सरकणारा वीतभर लांब, चिकट, चपटा जीव. डोकं अर्धचंद्राकृती, पाठीवर गडद रेघा. खाली इशारा: विषारी परदेशी किडा आहे, दिसताक्षणी मीठ टाकून मारा, कापू नका. दुर्ग-भिलाईतल्या बागप्रेमींनीही तो वाचला असेल. हा इशारा मुळात अमेरिकेतला. तिथे तो रास्त आहे, कारण असल्या डोक्याचा एकही चपटकृमी मूळचा तिथला नाही. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. असं डोकं असणाऱ्या बायपॅलियम गटाचं माहेरच आशिया आणि मादागास्कर. भारताच्या जंगलांत त्यांच्या स्वतःच्या जाती आहेत, आर. एच. व्हाइटहाउस यांनी १९१९ सालीच इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात भारतीय भूचर चपटकृमींवर लिहिलं होतं. म्हणजे तेच डोकं इथे उपऱ्याचं असेल, नाहीतर घरच्याचंही. म्हणून ओळख पटवणं हे पहिलं काम.

उपऱ्यांमधला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बायपॅलियम क्यूएन्स. त्याचं वर्णन १८७८ साली हेन्री मोझली यांनी केलं, तेही लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या काचघरातल्या नमुन्यांवरून. मोझली हे नाव चॅलेंजर सागर मोहिमेमुळे माहीत असतं. चपटकृमींवरचं त्यांचं काम मात्र फारसं कोणी आठवत नाही. १८७१च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सिलोनला गेलेल्या पथकात ते होते. ग्रहणासाठी गेलेल्या या माणसाने तिथले चपटकृमी गोळा केले आणि त्यांची आतली रचना इतक्या बारकाईने उलगडली, की १८७४चा तो निबंध या शाखेचा पाया ठरला. क्यूमध्ये सापडलेला जीव तिथला नव्हताच. त्याचं मूळ घर व्हिएतनाम-कंबोडियाच्या बाजूला असावं, असं पुढे अभ्यासकांनी ठरवलं. कुंडीतल्या मातीतून तो जगभर पोहोचला. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून आजही देशभर रोपं जातात, आणि रोपाबरोबर माती जातेच.

ओळख पटवायची कशी? क्यूएन्सच्या फिकट तपकिरी पाठीवर पाच रेघा असतात आणि मधली रेघ मानेपाशी सुरू होते. जपानकडून पसरलेल्या डायव्हर्सिबायपॅलियम मल्टिलिनिएटम या जातीत तीच रेघ डोक्यावर चढते. एवढासा फरक धूसर फोटोत दिसत नाही. नुसत्या रेघांवर विसंबणं म्हणजे काठ पाहून लुगड्याचं सूत ठरवणं. म्हणून जुने अभ्यासक प्रजनन अवयवांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जात ठरवत. पण मूळ घराबाहेर गेलेला क्यूएन्स क्वचितच लैंगिकदृष्ट्या प्रौढ होतो. त्याच्या शेपटीचा तुकडा तुटून वेगळा होतो आणि सात ते दहा दिवसांत त्याला नवं डोकं फुटतं. ज्या अवयवावर जात ठरायची तोच तयार होत नाही, म्हणून डीएनए तपासणीला इथे पर्याय उरत नाही. ‘कापू नका’ हा सल्ला मात्र सोळा आणे खरा. बीगल सफरीत डार्विनने एका भूचर प्लॅनेरियाचे, म्हणजे चपटकृमीचेच, आडवे दोन तुकडे केले, तर पंधरवड्यात दोन्ही तुकड्यांना पूर्ण जीवाचं रूप आलं होतं.

कोणी म्हणेल, विष असताना ओळखीची चैन कशाला? २०१४ साली क्यूएन्समध्ये टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशातलं विष, सापडलं हे खरं. पण तो चावत नाही. उघड्या हाताने धरू नये, चुकून लागलाच तर हात धुवावेत, एवढी काळजी पुरते. त्याची खरी झळ गांडुळांना. तोंड पोटाच्या मध्यावर. तिथून घसा बाहेर काढून तो गांडुळावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं मांस शोषतो. छत्तीसगडमध्ये २०२०च्या गोधन न्याय योजनेत किलोला दोन रुपये देऊन घेतलेल्या शेणाचं गावोगाव गांडूळखत झालं. अशा वाफ्यात हा शिरला तर नुकसान होणारच, आणि तिथून तो काढलाच पाहिजे. पण वाफ्यातला चपटकृमी काढणं वेगळं आणि जंगलात दिसेल त्याच्यावर मीठ टाकत सुटणं वेगळं.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा: नावं काय ठेवत बसता, उपाय सांगा. २०२२मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा हा त्रागा समजण्यासारखाच होता. यातली आफ्रिकी शंखी गोगलगाय १८४७मध्ये बेन्सन नावाच्या शंखतज्ज्ञाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली होती. याच गोगलगायीला खातो म्हणून न्यू गिनीचा प्लॅटिडेमस मनोक्वारी हा चपटकृमी काही बेटांवर मुद्दाम सोडला गेला. त्याने तिथल्या स्थानिक गोगलगायीही संपवत आणल्या. आज तो जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमकांच्या यादीत आहे. कोण काय खातो आणि कुठे थांबतो हे न पाहता केलेला उपाय असा उलटतो.

आधी ओळख पटवण्याचं काम फ्रान्समध्ये झालं आहे. तिथे अशाच डोक्याचे मोठाले चपटकृमी १९९९पासून बागांत दिसत होते, पण शास्त्रज्ञांच्या दप्तरी ते नव्हते. संशोधक ज्याँ-लू ज्युस्तीन यांनी लोकांकडून फोटो मागवले, नमुन्यांचा डीएनए तपासला आणि २०१८मध्ये सगळं चित्र मांडलं. आपल्यालाही हेच करता येईल. पाठीचा, पोटाचा आणि डोक्याचा स्पष्ट फोटो, शेजारी मोजपट्टी, ठिकाण, तारीख. शक्य तर नमुना तीव्र इथेनॉलमध्ये. प्राणी सर्वेक्षण विभागाची केंद्रं पुण्यात आणि जबलपूरला आहेतच. अशी एक नोंद शंभर वेळा पुढे ढकललेल्या चित्रफितीपेक्षा अधिक कामाची आहे, कारण मारायचं कोणाला आणि राखायचं कोणाला हे त्या नोंदीवरूनच ठरेल.