रणांत पडलेल्यांचें नित्यस्मरण

माघ शुद्ध अष्टमीस भीष्मतर्पण करण्याची चाल आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अद्यापि असेल. या तर्पणाचा एक विशेष आहे. एरवीं पितृतर्पण ज्याचे वडील निवर्तले आहेत त्यानेंच करावयाचें. भीष्मास मात्र वडील हयात असलेल्यानेंहि उदक द्यावें, असें धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. भीष्म आपणांपैकीं कोणाच्या कुळांतला नव्हे. तो रणांत पडला आणि त्यामागें पुत्र नव्हता, म्हणून त्याचें ऋण सर्वांनीं वांटून घेतलें. तें उदकहि मोघम द्यावयाचें नाहीं. नांव व गोत्र उच्चारून द्यावयाचें.

रणांत पडलेल्याचें स्मरण टिकावयास दोन गोष्टी लागतात, हेंच यावरून दिसतें. एक त्याचें नांव, आणि दुसरी तें नांव नेमानें घेणारा कोणी तरी. या दोन्ही गोष्टी जेथें जुळल्या आहेत असें एक स्थळ, व जेथें त्या जुळल्या नाहींत असें दुसरें, या दोहोंची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें स्थळ बेल्जियममधील ईप्र शहर. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यानें हें शहर जवळजवळ सपाट झालें. त्याच्या पूर्वेच्या वाटेनें असंख्य शिपाई रणभूमीकडे गेले. त्या वाटेवर १९२७ सालच्या जुलैमध्यें एका भव्य कमानीचें उद्घाटन झालें. तिला मेनिन दरवाजा म्हणतात. तिच्या भिंतींवर ५४,००० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत, आणि तीं सर्व अशांचीं, कीं ज्यांची कबर कोठें आहे हें ठाऊक नाहीं. त्या भागांत जमीन उकरतांना अजूनहि एकाद्या शिपायाच्या अस्थि सांपडतात. ओळख पटली तर त्यास स्वतःची कबर मिळते, आणि पुढें यथावकाश कमानीवरील त्याचें नांव काढलें जातें. हिंदी फौजेंतील चारशेंहून अधिक नांवें या भिंतींवर आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरांत आपल्या पलटणी याच भागांतील खंदकांत उतरल्या होत्या.

या कमानीची राखण कोण करतो? खडे पहारेकरी तेथें नाहींत. रोज सायंकाळीं बरोबर आठ वाजतां पोलीस रस्त्यावरील रहदारी थांबवितात. शहराच्या बंबखान्याशीं संबंध असलेले बिगूलवाले कमानीखालीं येऊन उभे राहतात आणि ‘लास्ट पोस्ट’ वाजवितात. फौजेच्या छावणींत दिवस संपल्याची खूण म्हणून जो बिगूल वाजतो, तोच हा. कांहीं मिनिटांत सर्व आटोपतें, गाड्या पुन्हां सुरू होतात, आणि बिगूलवाले घरोघर जातात. हे आग विझविणारे लोक. ज्यांच्यासाठीं ते बिगूल वाजवितात त्यांतील कोणी त्यांचा आप्त नव्हे, पुष्कळसे त्यांच्या देशाचेहि नव्हत.

हा परिपाठ १९२८ सालीं सुरू झाला व पुढच्या वर्षापासून बारमहा चालूं लागला. १९४० च्या मेमध्यें जर्मन फौज शहरांत शिरली, तेव्हां तो बंद पाडावा लागला. परंतु तेवढी वर्षें इंग्लंडांत ब्रुकवुड येथील लष्करी दफनभूमींत हाच बिगूल वाजवून नेम राखण्यांत आला. ता. ६ सप्टेंबर १९४४ रोजीं पोलंडच्या फौजेनें शहर सोडविलें. शहराच्या कांहीं भागांत लढाई अजून चालूच होती, तरी त्याच संध्याकाळीं मेनिन दरवाजाखालीं बिगूल वाजला! २०१५ च्या जुलैमध्यें या नेमाची ३०,००० वी आवृत्ति झाली. देवघरांतील नंदादीप ज्या भावनेनें तेवत ठेवावयाचा, तीच भावना या बंबवाल्यांच्या ठायीं आम्हांस दिसते. वार्षिक समारंभास हजर राहणें सोपें असतें. पावसांत, थंडींत, पाहणारा एकहि मनुष्य नसतां उभें राहणें ही खरी राखण.

आतां दुसऱ्या स्थळाकडे वळूं. तें आपल्या अधिक जवळचें आहे. त्याच महायुद्धांत मराठी शिपाई मोठ्या संख्येनें मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत लढले. सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथें ही डिव्हिजन वेढ्यांत सांपडली. १४७ दिवस उपासमार सोसून ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं तिला शरण जावें लागलें. सुमारें १३,००० लोक कैद झाले, आणि त्यांतील पुष्कळ जण पुढच्या वाटचालींत व बंदिवासांत मरण पावले.

या मोहिमेंतील ज्या मृतांस कबर लाभली नाहीं, त्यांचें स्मारक १९२९ सालीं बसरा येथें उभें राहिलें. तेथें ४०,००० हून अधिक लोकांचें स्मरण केलेलें आहे. परंतु गोऱ्या शिपायांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आंकडा घातला गेला. हुद्दा, वर्ण व धर्म यांचा भेद न करितां सर्व मृतांस समान मान द्यावयाचा, हें युद्धसमाधींच्या आयोगाचें आरंभापासूनचें ब्रीद होतें. तें पाळलें गेलें नाहीं. आशिया व आफ्रिका खंडांतील ४५,००० ते ५४,००० मृतांच्या बाबतींत भेदभाव झाला, हें त्याच आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत कबूल केलें आहे. बसऱ्याचें स्मारक तर १९९७ सालीं मूळ जागेवरून हलवून शहरापासून दूर वाळवंटांत नेण्यांत आलें. तेथें आठ वाजतां बिगूल वाजत नाहीं.

हा दोष परक्यांच्या माथीं मारून मोकळें होतां येईल, पण तो सर्वस्वी त्यांचा नाहीं. सातारा, रत्नागिरी या बाजूच्या कित्येक गांवीं भिंतींत बसविलेली एक पाटी आढळते. या गांवांतून अमुक माणसें १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेलीं व त्यांपैकीं इतकीं कामास आलीं, एवढाच तिचा मजकूर. येथेंहि आंकडाच! तीं माणसें कोणत्या घरचीं, हें विचारण्याची बुद्धि गांवांत राहणाऱ्यांस झाली नाहीं, आणि सुट्टींत गांवीं जाणाऱ्या आम्हां शहरवासीयांस तर मुळींच नाहीं. आपल्या कुळाच्या वंशावळी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविल्या. शेजारच्या घरच्या शिपायाचें नांव मात्र जपलें नाहीं.

सुदैवानें हा दोष कांहीं अंशीं भरून काढतां येण्यासारखा आहे. बसऱ्याच्या दगडावर नसलेलीं पुष्कळ नांवें आयोगाच्या नोंदींत आहेत, आणि त्या आतां कोणासहि पाहतां येतात. कित्येक नांवांपुढें बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हाहि लिहिलेला आहे. घरांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनीं एका सुट्टींत आपल्या गांवचीं वा तालुक्याचीं नांवें शोधून काढावीं, गांवांतील वृद्धांस विचारून तीं पडताळावीं, आणि वहींत लिहून ठेवावीं. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानें मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथि. त्या दिवशीं वा भीष्माष्टमीस घरांतील सर्वांनीं मिळून तीं नांवें एकदां मोठ्यानें वाचावीं. याला खर्च नाहीं, समारंभ नाहीं.

ईप्रचे बंबवाले परक्यांसाठीं रोज उभे राहतात. आपल्याच गांवच्या मनुष्याचें नांव आपण वर्षांतून एकदां तरी उच्चारावें, एवढेंच आमचें मागणें आहे.