धारवाडी गुंठा, टोक्योची चटई

टोक्योतल्या पुतणीनं परवा एका विक्रीच्या फ्लॅटची जाहिरात पाठवली, ‘काका, प्रशस्त मॅन्शन!’ शब्दावर जाऊ नका. जपानीत ‘मान्शोन’ म्हणजे पक्क्या बांधणीच्या इमारतीतला साधा फ्लॅट. हा 70 चौरस मीटरचा, म्हणजे आपले साडेसातशे चौरस फूट. आम्हीही सध्या हुबळीत विद्यानगरकडे घर बघतोय, तेव्हा दोन्हीकडची मापं शेजारी मांडून बसलो. मजा आली!

आपला थ्री बीएचके, त्यांचा 3 एलडीके. दिवाणखाना, जेवणघर, स्वयंपाकघर एकाच मोठ्या खोलीत, शिवाय तीन खोल्या. खोली मोजायची ती तातामीत, म्हणजे गवती चटईत. क्योतोची चटई मोठी, टोक्योची लहान, म्हणून जाहिरातीत एक चटई निदान 1.62 चौरस मीटर धरायची असा नियमच आहे. आपली 10 बाय 12 ची बेडरूम जवळजवळ सात चटयांची भरते. दोन चटयांचा एक त्सुबो, आणि धारवाडकडचा एक गुंठा, 1089 चौरस फूट, म्हणजे साडेतीस त्सुबो!

पण मला सगळ्यात आवडला तो चालण्याचा नियम. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं छापायचं तर 80 मीटरला एक मिनिट धरायचं, वरचा तुकडा पूर्ण मिनिट मोजायचा. या हिशेबानं आपल्या हुबळी स्टेशनचा जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म, 1507 मीटरचा, या टोकापासून त्या टोकाला जायला 19 मिनिटं! आपल्या जाहिरातींतली पाच मिनिटं पायी की स्कूटरवर, हे दर वेळी विचारावं लागतं. हा नियम इथं उद्याच यावा. हुबळी-धारवाडमधल्या चिगरी बसच्या थांब्यापासूनचं अंतरही असंच छापावं.

एक योगायोग बघा. हुबळी आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली 1962 साली. एका इमारतीतल्या वेगवेगळ्या फ्लॅटांच्या मालकीचा कायदा जपाननं केला तोही 1962 सालीच. कर्नाटकाचा अपार्टमेंट कायदा 1972 चा.

बाल्कनी आपल्या रेराच्या कार्पेटमध्ये येत नाही, जपानमध्येही फ्लॅटच्या क्षेत्रफळात धरत नाहीत. तिथं ती सामाईक मालकीची असते, वापर मात्र तुमचा. शेजारच्या आणि आपल्या बाल्कनीमध्ये बहुधा एक पातळ फळी असते. आग लागली की लाथेनं फोडायची आणि पलीकडे निघायचं. तसं तिच्यावर लिहिलेलंही असतं आणि तिच्यापुढं सामान रचायला मनाई असते. चोराच्या भीतीनं आपण बाल्कनीला ग्रिल ठोकतो, मग आगीत बाहेर पडायचं कुठून, हे घर बघताना मी आता विचारणार आहे.

तिथं दरमहा देखभालीचे पैसे वेगळे आणि मोठ्या दुरुस्तीची पुंजी वेगळी. साधारण 12 ते 15 वर्षांनी अख्ख्या इमारतीला पहाड बांधून डागडुजी होते, ती त्या पुंजीतून. आपल्याकडे गच्ची गळायला लागल्यावर वर्गणी सुरू होते.

नव्या घरात आलं की शेजाऱ्यांना सोबा द्यायची तिथली जुनी रीत आहे. सोबा म्हणजे शेवयांसारखा पदार्थ, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘जवळ, शेजारी’. आमचा फ्लॅट ठरला की मजल्यावरच्या प्रत्येक दारी धारवाडच्या लाइन बाजारातला पेढा जाईल. पुतणीला म्हटलंय, तू सोबा वाट, पेढे मी पाठवतो.