प्रावीण्याची रेषा

२००९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांत तिसरी ते आठवीच्या वर्गांत शिकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ८२ मुले गणितात ‘प्रवीण’ ठरली. पुढच्याच वर्षी ही संख्या ५४ वर आली. शाळा त्याच होत्या, शिक्षक बहुतेक तेच होते आणि अभ्यासक्रमही बदललेला नव्हता. उलट २००९ ची चाचणी मार्च महिन्यात झाली होती, तर २०१० ची मे महिन्यात. म्हणजे मुलांना अभ्यासाला दोन महिने अधिकच मिळाले होते. तरीही जुलै २०१० मध्ये निकाल जाहीर झाले तेव्हा, आदल्या वर्षी ज्यांना ‘तुमचे मूल इयत्तेच्या अपेक्षेइतके गणित जाणते’ असे कळविण्यात आले होते, अशा असंख्य आईबापांच्या हाती अगदी उलट अर्थाचा कागद पडला. एका वर्षात मुले गणित विसरली काय? तसे काही घडले नव्हते. हलली होती ती एक रेषा.

ही रेषा कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत एक संघीय कायदा झाला. ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा अर्थाचे त्याचे नाव. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणित या विषयांत चाचणी घ्यावी, आणि २०१३-१४ च्या शालेय वर्षापर्यंत सर्वच्या सर्व मुले प्रवीण व्हावीत, असा त्याचा आदेश होता. परंतु प्रवीण कोणाला म्हणावे हे ठरविण्याचे काम कायद्याने प्रत्येक राज्याकडेच सोपविले. ज्याला लांबी वाढवून दाखवायची आहे त्याच्याच हाती मोजपट्टीही द्यावी, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल. डिसेंबर २०१५ मध्ये या कायद्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. तोपर्यंत त्याने देशातील प्रत्येक शालेय जिल्ह्याला टक्क्यांच्या भाषेत विचार करावयास लावले होते. न्यूयॉर्क शहर हा त्यांतील सर्वांत मोठा जिल्हा. त्या काळात तेथील सार्वजनिक शाळांत सुमारे ११ लक्ष मुले शिकत होती.

न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून या सहा इयत्तांची वार्षिक चाचणी सुरू केली. शहरातील प्रवीण मुलांचे प्रमाण त्या वर्षी ५७ टक्के होते. ते २००७ साली ६५, २००८ साली ७४ आणि २००९ साली ८२ असे चढत गेले. राज्याचा आकडाही त्याच चालीने ६६ वरून ८६ पर्यंत गेला. या चढत्या आकड्यांवर बरेच काही अवलंबून होते. शहराच्या शिक्षण विभागाने २००९ साली प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांपैकी ८४ टक्के शाळांना प्रगतिपुस्तकात ‘ए’ ही सर्वोच्च श्रेणी दिली, आणि त्या श्रेणीचा मुख्य आधार हेच गुण होते. सर्वांत खालच्या पातळीवर राहिलेल्या तिसरीच्या मुलाला त्याच वर्गात ठेवावे, हे धोरणही शहरात २००४ पासून होते.

मुलाने सोडविलेल्या उत्तरपत्रिकेपासून ‘प्रवीण’ या शब्दापर्यंतचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा कच्च्या गुणांचा, म्हणजे किती प्रश्नांची उत्तरे बरोबर आली याचा. परंतु दरवर्षीची प्रश्नपत्रिका निराळी. एखाद्या वर्षी ती थोडी अवघड, एखाद्या वर्षी थोडी सोपी. म्हणून दुसऱ्या टप्प्यात कच्चे गुण एका समाईक मापावर बसवितात. त्यांना प्रमाणगुण म्हणता येईल. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर थोड्या कच्च्या गुणांनाही तोच प्रमाणगुण मिळतो. तिसऱ्या टप्प्यात या मापावर तीन रेषा ओढून मुलांना चार पातळ्यांत विभागतात. तिसऱ्या वा चौथ्या पातळीचे मूल प्रवीण. २००९ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये गणितासाठी तिसऱ्या पातळीची रेषा सर्व इयत्तांना ६५० प्रमाणगुणांवर होती.

ही रेषा निसर्गाने आखून दिलेली नसते. शिक्षकांचे एक मंडळ बसते. त्यांच्यापुढे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने मांडलेले असतात, आणि ‘जेमतेम प्रवीण म्हणावे असे मूल कोणत्या प्रश्नापर्यंत बहुधा पोचेल?’ याचा विचार करून प्रत्येकजण तेथे खूण ठेवतो. चर्चेनंतर त्या खुणांतून रेषा ठरते. निर्णय अनुभवी माणसांचा असतो, पण तो निर्णयच. पाणी गोठण्याच्या अंशासारखी ती गोष्ट नव्हे. आपल्याकडेही ३३ वा ३५ गुणांची उत्तीर्णतेची मर्यादा अशीच माणसांनी घातलेली आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

रेषा वर सरकली की काय होते? शाळेच्या भिंतीवर चार फुटांवर एक खूण करून तिच्यापेक्षा उंच मुले मोजावीत. मग खूण तीन इंच वर न्यावी आणि पुन्हा मोजावे. एकही मूल खुजे झालेले नसते, परंतु ‘उंच’ मुलांची संख्या बरीच घटते, कारण बहुतेक मुलांची उंची मधल्या भागातच दाटलेली असते. २०१० साली न्यूयॉर्क राज्याने नेमके हेच केले. आठवीची रेषा ६५० वरून ६७३ वर नेली, आणि इतर इयत्तांच्या रेषाही अशाच वर गेल्या. शहराची सरासरी मात्र जवळजवळ होती तेथेच राहिली. त्या वर्षी ज्यांनी सरासरी पाहिली त्यांना फारसे काही घडलेले दिसले नाही. ज्यांनी टक्केवारी पाहिली त्यांना अनर्थ दिसला.

राज्याने रेषा हलविली ती लहरीने नव्हे. न्यूयॉर्कमध्ये पुढे माध्यमिक शाळेत ‘रीजेंट्स’ नावाची परीक्षा होते. तिच्यात गणितात ८० च्या खाली गुण मिळविणाऱ्या मुलांना महाविद्यालयात गेल्यावर शालेय गणित पुन्हा शिकावे लागण्याचा संभव बराच असतो, असे पाहणीत आढळले होते. तेव्हा आठवीत प्रवीण ठरलेल्या मुलाला पुढे ते ८० गुण मिळण्याची चांगली आशा असावी, अशा बेताने नवी रेषा आखण्यात आली. जुन्या रेषेवरचे मूल प्रवीण म्हणवले जाई, पण त्या शब्दावर विसंबून त्याने पुढची वाट धरली तर अडखळण्याचीच शक्यता अधिक होती.

येथे एक शंका राहते. २००६ ते २००९ या काळात तर रेषा ६५० वरच स्थिर होती. मग ती चढण खरी नव्हती काय? सातवीच्या मुलाला तिसऱ्या पातळीवर पोचण्यासाठी २००६ साली सुमारे ६० टक्के कच्चे गुण लागत. २००९ साली ४४ टक्के पुरले. एवढ्यावरून लबाडी झाली असे म्हणणे घाईचे होईल, कारण प्रश्नपत्रिका अवघड असेल तर असे व्हावयासच हवे. प्रश्न असा की ती खरोखरच तितकी अवघड होती काय? नव्या प्रश्नांचा अवघडपणा ठरविण्यासाठी ते आधी काही मुलांकडून सोडवून घेत. त्या पूर्वपरीक्षेत कोणाचे काहीच पणास लागलेले नसे. मूल कंटाळून चुकते आणि प्रश्न मात्र अवघड ठरतो. मग खऱ्या परीक्षेत तोच प्रश्न सोपा जातो, आणि मुलांची प्रगती झाल्याचा आभास होतो.

दुसरे कारण सवयीचे. अभ्यासक्रम विस्तीर्ण असतो, चाचणी त्याचा लहानसा नमुना. तेच घटक, त्याच धाटणीचे प्रश्न दरवर्षी येऊ लागले की शिक्षक नेमके तेवढेच घोटून घेऊ लागतात. गुण वाढतात, परंतु न विचारलेल्या भागाचे ज्ञान वाढतेच असे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल कोरेट्झ यांनी या फुगवट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. फुगवटा ओळखण्याची एक साधी रीत अशी, की त्याच मुलांची दुसरी, जिची तयारी कोणी करून घेत नाही अशी परीक्षा पाहावी. अमेरिकेत १९६९ पासून एक राष्ट्रीय चाचणी होत आली आहे. ती निवडक मुलांचीच असते आणि तीत कोणत्याही एका मुलाचा वा शाळेचा निकाल लागत नाही. म्हणून तिच्यासाठी घोकंपट्टी करण्यात कोणाचा लाभ नसतो. त्या चाचणीत न्यूयॉर्क राज्याच्या चौथीची गणितातील सरासरी २००७ साली २४३ आणि २००९ साली २४१ होती. राज्याच्या स्वतःच्या चाचणीत याच दोन वर्षांत सर्व इयत्तांचा प्रवीणतेचा आकडा ७३ वरून ८६ वर गेला होता.

टक्केवारीचा आणखी एक दोष अधिक गंभीर आहे, कारण तो मुलांच्या गटांची तुलनाच बिघडवितो. दोन काल्पनिक गट घ्यावेत. एकाची सरासरी ६९०, दुसऱ्याची ६६०, आणि दोहोंतील गुणांचे विचलन ३०. रेषा ६३० वर असेल तर पहिल्या गटातील सुमारे ९८ टक्के व दुसऱ्यातील ८४ टक्के मुले प्रवीण ठरतील; अंतर १४. तीच रेषा ६७५ वर नेली की हे आकडे ६९ व ३१ होतात, अंतर ३८. मुलांतले खरे अंतर दोन्ही वेळा तेच, ३० गुणांचे. न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या व कृष्णवर्णी मुलांमधील दरी भरून येत असल्याचे २००९ पर्यंत अभिमानाने सांगितले जात होते. २०१० च्या निकालात ती दरी एकाएकी पुन्हा रुंद दिसू लागली. सखल रेषेने झाकलेले उंच रेषेने उघडे पडले, एवढेच.

लहान शाळेच्या आकड्यांबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. गुणांचे विचलन ३० असताना २५ मुलांच्या वर्गाची सरासरी केवळ योगायोगाने सहा-सात गुणांनी वरखाली होऊ शकते. ४०० मुलांच्या शाळेत हीच चलबिचल दीड गुणाच्या आसपास असते. शिवाय यंदाची चौथी आणि गेल्या वर्षीची चौथी ही मुळात निराळी मुले. दरवर्षीच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली बहुधा लहान शाळाच दिसतात, त्याचे बरेचसे कारण हे आहे.

रेषा वर गेली आणि शाळांपुढे अडचण उभी राहिली. नियमाप्रमाणे प्रवीणतेच्या खाली असलेल्या प्रत्येक मुलाला जादा शिकवणी देणे बंधनकारक होते, आणि अशी मुले आता अचानक कितीतरी वाढली होती. तेवढा पैसा नव्हता. तेव्हा शिकवणीपुरती जुनी ६५० ची रेषाच चालू ठेवण्याची मुभा शाळांना देण्यात आली. सातवीतील ६६० गुणांचे मूल कागदोपत्री अप्रवीण ठरले, पण मदतीसाठी मात्र ते पुरेसे अप्रवीण नव्हते.

२०१३ साली नव्या, अधिक कठीण अभ्यासक्रमावर चाचणी झाली आणि शहराचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास आला. २०१८ साली तीन दिवसांची चाचणी दोन दिवसांची केली गेली. त्या वर्षीचे निकाल देताना राज्याच्या शिक्षण विभागानेच सांगितले की, त्यांची मागील वर्षांशी तुलना करता येणार नाही.