लसीकरणोत्तर काळातील रोटाव्हायरसची जनुकीय विविधता : बदलाचा अन्वयार्थ

सारांश

रोटाव्हायरसविरोधी लस सुरू झाल्यानंतर अनेक देशांत रुग्ण बालकांमध्ये आढळणाऱ्या विषाणूच्या जनुकप्ररूपांचे प्रमाण बदलले. हा बदल म्हणजे लसीचे अपयश होय, असा निष्कर्ष काही वेळा घाईने काढला जातो. प्रस्तुत लेखात विषाणूची रचना, विविधता निर्माण होण्याच्या प्रक्रिया, प्रचलित लसींची जनुकीय घडण आणि ब्राझील, ऑस्ट्रेलिया व भारत येथील अनुभव यांचा आढावा घेऊन या बदलाचा अर्थ कसा लावावा याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रोटाव्हायरस, बालकांमधील अतिसार, जनुकप्ररूप, जनुकखंडांची अदलाबदल, लसीकरण, रोगनिरीक्षण.

प्रस्तावना

पाच वर्षांखालील बालकांना होणाऱ्या तीव्र अतिसाराचे रोटाव्हायरस हे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी बालकांच्या लहान आतड्यातील पेशींमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हा विषाणू पाहिला. त्याचा आकार चाकासारखा दिसत असल्याने, चाक या अर्थाच्या 'रोटा' या लॅटिन शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. शुद्ध पाणी व स्वच्छता यांमुळे अतिसाराचे अनेक प्रकार आटोक्यात येतात. परंतु रोटाव्हायरसची लागण संपन्न व निर्धन अशा दोन्ही देशांतील बहुतेक सर्व बालकांना होत आली आहे. फरक पडतो तो परिणामांत. जेथे जलसंजीवनी व रुग्णालयीन उपचार वेळेवर मिळत नाहीत, तेथे निर्जलीकरणामुळे बालक दगावते. लसीकरणापूर्वीच्या काळात भारतात या विषाणूमुळे दरवर्षी सुमारे ७८,००० बालमृत्यू होत असल्याचा आणि सुमारे ८ लाख ७२ हजार बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागत असल्याचा अंदाज होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सर्व देशांच्या लसीकरण कार्यक्रमांत रोटाव्हायरस लसीचा समावेश करण्याची शिफारस केली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस मार्च २०१६ मध्ये ओडिशा, हिमाचल प्रदेश, हरियाणा व आंध्र प्रदेश या चार राज्यांत सुरू झाली. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह उर्वरित राज्यांत तिचा विस्तार झाला. बालकाच्या वयाच्या ६, १० व १४ व्या आठवड्यात ती तोंडावाटे दिली जाते. लसीकरणानंतर रुग्णांत आढळणाऱ्या विषाणूंचे प्रकार बदलल्याची निरीक्षणे पुढे आली आणि विषाणू लसीला चुकवू लागला आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. या प्रश्नाच्या उत्तरावर लसीची निवड, आरोग्यखर्चाची दिशा आणि पालकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

विषाणूची रचना व वर्गीकरण

रोटाव्हायरसचा जनुकसंच दुपदरी आरएनएच्या ११ स्वतंत्र खंडांचा बनलेला असतो. त्याभोवती प्रथिनांचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरील थरात व्हीपी७ व व्हीपी४ ही दोन प्रथिने असून शरीरात निर्माण होणारी संरक्षक प्रतिपिंडे मुख्यतः यांनाच ओळखतात. व्हीपी७ वरून 'जी' प्रकार आणि व्हीपी४ वरून 'पी' प्रकार ठरविला जातो. या दुहेरी पद्धतीमुळे विषाणूचे नाव जी१पी[८], जी२पी[४] अशा जोडनावाने लिहिले जाते. मानव व प्राणी मिळून आजवर ४० हून अधिक जी प्रकार व ५० हून अधिक पी प्रकार नोंदले गेले आहेत. मात्र मानवी आजारास बहुतांशी जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी४पी[८], जी९पी[८] व जी१२पी[८] हे मोजकेच प्रकार कारणीभूत ठरतात.

दोन जनुकांवर आधारलेले हे वर्णन अपुरे आहे, हे ध्यानात आल्यावर २००८ मध्ये सर्व ११ खंडांचा विचार करणारी वर्गीकरणपद्धती मांडण्यात आली. तिच्या साहाय्याने असे दिसून आले की, दोन विषाणूंचे जोडनाव सारखे असूनही त्यांचे उर्वरित नऊ खंड सर्वस्वी भिन्न घराण्यांतील असू शकतात. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

विविधता निर्माण होण्याच्या प्रक्रिया

रोटाव्हायरसमधील विविधतेच्या मुळाशी प्रामुख्याने तीन प्रक्रिया आहेत. पहिली प्रक्रिया उत्परिवर्तनाची. आरएनएची प्रत तयार होताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था या विषाणूकडे नसल्याने लहानसहान बदल सतत साचत राहतात. दुसरी प्रक्रिया जनुकखंडांच्या अदलाबदलीची. हिलाच रिअसॉर्टमेंट म्हणतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकाच वेळी शिरले, तर नव्या विषाणूत काही खंड एकाचे व काही दुसऱ्याचे येऊ शकतात. खंड ११ असल्याने दोन विषाणूंपासून गणिती दृष्ट्या २,०४८ जुळण्या संभवतात. त्यांपैकी फारच थोड्या प्रत्यक्षात टिकाव धरतात. तिसरी प्रक्रिया प्राण्यांकडून मानवाकडे होणाऱ्या संक्रमणाची. गाय, डुक्कर, घोडा इत्यादींचे रोटाव्हायरस अधूनमधून मानवात येतात आणि अदलाबदलीच्या द्वारे त्यांचे काही खंड मानवी विषाणूंत स्थिरावतात.

या प्रक्रिया लसीच्या आधीपासून चालू आहेत. जी९ प्रकाराचा १९९० च्या दशकात झालेला जागतिक प्रसार आणि त्यानंतर जी१२ प्रकाराचा झालेला उदय यांची सुरुवात लसींचा व्यापक वापर होण्यापूर्वीच झाली होती. एका प्रकाराची लाट येऊन गेली की त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती समाजात वाढते, आणि काही हंगामांनंतर दुसरा प्रकार त्याची जागा घेतो. म्हणजेच प्रकारांचा चढउतार हा या विषाणूचा स्थायी गुण आहे.

लसींची जनुकीय घडण

प्रचलित लसी जिवंत परंतु क्षीण केलेल्या विषाणूंच्या असून त्यांची घडण परस्परभिन्न आहे. रोटारिक्स ही जी१पी[८] या एकाच मानवी विषाणूपासून तयार केलेली आहे. रोटाटेकमध्ये गायीच्या विषाणूत मानवी जी१, जी२, जी३, जी४ व पी[८] यांची जनुके घातलेली आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या रोटासिल या लसीतही पायाभूत विषाणू गायीचाच असून त्यात मानवी जी१, जी२, जी३, जी४ व जी९ यांचा समावेश आहे.

भारत बायोटेकच्या रोटाव्हॅक लसीचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बालकांमध्ये एक रोटाव्हायरस आढळला. त्याची लागण होऊनही या बालकांत अतिसाराची लक्षणे दिसत नव्हती. ११६ई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जी९पी[११] विषाणूचे दहा खंड मानवी असून व्हीपी४ चा खंड गायीच्या विषाणूकडून आलेला आहे. ज्या अदलाबदलीमुळे नवे रोगकारक प्रकार उद्भवतात, तिनेच हा उपयुक्त विषाणूही निर्माण केला. दिल्ली, पुण्याजवळील वढू व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर झालेल्या चाचणीत या लसीने तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून पहिल्या वर्षात सुमारे ५४ टक्के संरक्षण दिले. तेथे फिरत असलेले प्रमुख प्रकार लसीतील प्रकाराहून भिन्न होते. बाह्य प्रथिनांचे साम्य नसतानाही संरक्षण मिळू शकते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

ब्राझील व ऑस्ट्रेलिया येथील अनुभव

ब्राझीलने मार्च २००६ मध्ये रोटारिक्स सुरू केली. त्यानंतर लवकरच तेथील रुग्णांत जी२पी[४] हा प्रकार प्रबळ झाला. या प्रकाराचे जी व पी असे दोन्ही घटक लसीहून निराळे असल्याने लसीच्या दाबामुळे त्याची निवड झाली, हा तर्क स्वाभाविक होता. परंतु त्याच सुमारास अर्जेंटिना व पॅराग्वे या शेजारी देशांतही जी२पी[४] वाढला होता, आणि तेथे सार्वत्रिक लसीकरण तेव्हा सुरू झालेले नव्हते. ब्राझीलमधील लसीकृत तान्ह्या मुलांना या प्रकारापासूनही संरक्षण मिळत असल्याचे आढळले; मात्र पहिल्या वर्षानंतर ते घटत होते. लसीकरण व बदल एकापाठोपाठ घडले, एवढ्यावरून त्यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव मात्र वेगळ्या दिशेने बोलतो. २००७ मध्ये तेथील काही राज्यांनी रोटारिक्स व काहींनी रोटाटेक निवडली. एकाच देशात, एकाच काळात दोन भिन्न लसींचे परिणाम शेजारीशेजारी पाहण्याची ही दुर्मीळ संधी होती. दीर्घकालीन निरीक्षणात असे दिसले की, लसीकरणापूर्वी प्रबळ असलेला जी१पी[८] दोन्हीकडे मागे पडला. परंतु रोटाटेक वापरणाऱ्या राज्यांत जी१२पी[८] पुढे आला, तर रोटारिक्स वापरणाऱ्या राज्यांत जी२पी[४] व अश्वसदृश जी३पी[८] यांचे प्रमाण अधिक राहिले. अश्वसदृश जी३पी[८] चे जोडनाव नेहमीच्या जी३पी[८] सारखेच आहे. मात्र त्याचा व्हीपी७ खंड घोड्याच्या विषाणूशी साम्य दाखवितो आणि आतील खंड जी२पी[४] च्या घराण्यातील आहेत. केवळ दोन जनुके तपासली असती, तर हा नवा विषाणू जुन्याच नावाखाली दडून राहिला असता. लसीचा काही निवडदाब असू शकतो, हे या अनुभवावरून मान्य करावे लागते. तथापि, ऑस्ट्रेलियात रोटाव्हायरसमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांची संख्या दोन्ही लसींच्या राज्यांत मोठ्या प्रमाणावर घटली, ही वस्तुस्थितीही तितकीच महत्त्वाची आहे.

भारतातील चित्र

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००५ मध्ये राष्ट्रीय रोटाव्हायरस निरीक्षण जाळे उभारण्यात आले. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी या क्षेत्रात महत्त्वाची कामगिरी बजावली. पहिल्या दोन वर्षांत अतिसारामुळे दाखल झालेल्या बालकांपैकी सुमारे ३९ टक्के बालकांत रोटाव्हायरस आढळला. तेव्हा जी२पी[४] व जी१पी[८] हे प्रमुख प्रकार होते. २०१२ ते २०१६ या काळात जी१पी[८] अग्रस्थानी होता. २०१६ नंतरच्या निरीक्षणात जी३पी[८] देशभर प्रबळ झाल्याचे दिसून आले.

हा बदल रोटाव्हॅकमुळे घडला असे म्हणता येईल काय? ही लस जी९पी[११] आहे. जी१पी[८] व जी३पी[८] हे दोन्ही प्रकार तिच्याहून जी व पी या दोन्ही बाबतींत सारखेच भिन्न आहेत. लस केवळ आपल्याशी जुळणाऱ्या प्रकारांना रोखते असे मानले, तर तिने या दोहोंना समान वागणूक दिली असती. एकाला मागे सारून दुसऱ्याला पुढे आणण्याचे कारण त्या तर्कातून मिळत नाही. त्यामुळे नैसर्गिक चढउताराची शक्यता येथे प्रथम विचारात घ्यावी लागते. त्याच वेळी, २०१६ ते २०२० या काळात नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात रोटाव्हॅकची प्रत्यक्ष वापरातील परिणामकारकता सुमारे ५४ टक्के, म्हणजे चाचणीइतकीच, आढळली. अतिसाराने दाखल झालेल्या बालकांतील रोटाव्हायरसचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत खाली आले.

संपन्न देशांच्या तुलनेत येथील संरक्षण कमी आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्याचे कारण विषाणूच्या विविधतेतच शोधणे एकांगी ठरेल. मातेकडून आलेली प्रतिपिंडे, कुपोषण, आतड्यातील अन्य संसर्ग आणि सोबत दिली जाणारी तोंडावाटेची पोलिओ लस या घटकांचाही विचार होतो. शिवाय रोटाव्हायरस आतड्यातील पेशींवरील रक्तगटसंबंधित शर्करांना चिकटतो आणि या शर्करा सर्व लोकसमूहांत सारख्या नसतात. म्हणून विषाणूइतकीच यजमानाची जनुकीय विविधताही येथे विचारार्ह आहे.

प्रमाण आणि संख्या

जनुकप्ररूपांचे बहुतेक अहवाल टक्केवारीत दिले जातात. तिचे वाचन सावधपणे करणे का आवश्यक आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लसीपूर्वी एका रुग्णालयात वर्षाला १०० रोटाव्हायरसबाधित बालके दाखल होत आणि त्यांपैकी १० बालकांत जी३ आढळे. लसीनंतर एकूण बाधित १६ झाले आणि त्यांपैकी ८ बालकांत जी३ आढळला. जी३ चे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, म्हणजे पाचपट झाले. मात्र जी३ मुळे आजारी पडलेली बालके १० वरून ८ वर आली. केवळ टक्केवारी पाहणाऱ्यास येथे संकट दिसेल, तर संख्या पाहणाऱ्यास घट दिसेल. लस चुकविणारा प्रकार खरोखर उद्भवला आहे असे म्हणण्यासाठी त्या प्रकाराच्या रुग्णांची प्रत्यक्ष संख्या वाढली पाहिजे आणि लसीकृत बालकांना त्यापासून मिळणारे संरक्षण इतर प्रकारांच्या तुलनेत कमी असल्याचे दिसले पाहिजे. तसेच लसीपूर्वीची अनेक वर्षांची माहिती तुलनेस हवी. एकदोन हंगामांची तुलना नैसर्गिक चढउतार व लसीचा परिणाम वेगळे करू शकत नाही.

निष्कर्ष

१. रोटाव्हायरसच्या प्रकारांतील बदल ही लसीकरणापूर्वीपासून चालत आलेली नैसर्गिक प्रक्रिया आहे.

२. लसीचा काही निवडदाब संभवतो, हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून दिसते. परंतु त्यामुळे लसीचा एकूण लाभ नाहीसा झालेला नाही.

३. भारतातील जी३पी[८] चा उदय केवळ लसीच्या जनुकीय घडणीवरून स्पष्ट करता येत नाही.

४. प्रकारांची टक्केवारी ही रुग्णसंख्या, बालकाचे वय व लसीकरणाची स्थिती यांच्यासह नोंदली गेली, तरच तिच्यावरून धोरणविषयक निर्णय घेता येतील.

५. सर्व ११ खंडांचे विश्लेषण आणि पाळीव प्राण्यांतील विषाणूंचे निरीक्षण यांची जोड रुग्णालयीन निरीक्षणास मिळणे आवश्यक आहे.

लस सुरू झाली म्हणून निरीक्षणाचे काम संपत नाही. रुग्ण कमी होत जातात तशी तपासणीसाठी मिळणाऱ्या नमुन्यांची संख्याही घटते, आणि नेमक्या त्याच वेळी निरीक्षणावरील खर्च अनावश्यक वाटू लागतो. तो थांबविल्यास पुढील काळात एखादा प्रकार खरोखरच लसीला दाद देईनासा झाला, तर ते उशिरा कळेल आणि त्याची किंमत सहा महिने ते दोन वर्षे या वयातील बालकांना मोजावी लागेल.