लस नाकारली, म्हणून हप्ता वाढवायचा?

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. कोणाचा हप्ता किती असावा याचा विचार निघालाच आहे, तर कोरोनाच्या काळापासून अर्धवट राहिलेल्या एका प्रश्नालाही हात घालायला हवा. उपलब्ध असलेली लस जो जाणूनबुजून घेत नाही, त्याच्याकडून विम्याचा जास्त हप्ता घ्यावा का? अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२१ पासून लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांवर आरोग्य विम्यापोटी महिन्याला २०० डॉलरचा जादा भार टाकला. तो जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच कंपनीतलं लसीकरण नव्वद टक्क्यांच्या आसपास गेलं. सिंगापूरने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, स्वतःहून लस टाळणाऱ्यांनी कोविडच्या उपचारांचं बिल स्वतः भरावं, असा नियम केला. समर्थकांचा युक्तिवाद सरळ आहे. तंबाखू खाणाऱ्याला जादा हप्ता लावता, मग यालाच सूट का?

हा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो विम्याच्या हिशेबातच अडखळतो. तंबाखूचा धोका मुख्यतः खाणाऱ्याच्या शरीराला असतो आणि तोच माणूस पॉलिसीधारक असतो. गोवराची लस न घेतलेल्या मुलापासून धोका असतो तो शेजारच्या, लसीचं वय न झालेल्या तान्ह्या बाळालाही, आणि त्या बाळाचा खर्च कंपनीच्या वहीत कुठेच दिसत नाही. म्हणजे समाजाचं जे नुकसान होतं, त्याची भरपाई या जादा हप्त्यातून समाजाला मिळत नाही. पैसा कंपनीकडे जातो. शिवाय डेल्टाच्या कर्मचाऱ्यांचा पगार, विमा आणि लसीची नोंद एकाच मालकाकडे होती. बार्शी तालुक्यातल्या वैरागमध्ये शेतमजुराच्या घरी खासगी पॉलिसी क्वचितच असते. त्या घराचा आधार महात्मा फुले जनआरोग्य योजना, आणि तिचा भार सरकार उचलतं. जादा हप्त्याचा चाबूक तिथपर्यंत पोहोचतच नाही. तो बसेल पगारदार कुटुंबाला, ज्याला लस आधीच सहज मिळते.

लस नाकारणारा माणूस पैशाचा हिशेब करून नाकारतो, हे गृहीतच मला मान्य नाही. त्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा याच तालुक्यात आहे, तो लसीचा नसून तपासणीचा असला तरी. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत डॉ. भगवान नेने आणि टाटा स्मारकच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूने डॉक्टर नसलेले कार्यकर्ते पाठवले. ते गावोगाव बायकांशी बोलत. अंगावरून जाणं ही लपवायची नव्हे, दाखवायची गोष्ट आहे, हे समजावत. त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं. यांतल्या कोणालाही दंडाची भीती घातली नव्हती. ओळखीचा माणूस पुन्हा पुन्हा दारात आला, हीच सारी यंत्रणा होती. मला ही गोष्ट कोणत्याही विमा-गणितापेक्षा मोलाची वाटते.

विश्वास कसा जातो, तेही याच कर्करोगाच्या लसीने दाखवलं. तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मममध्ये आणि गुजरातच्या वडोदऱ्यात 'पाथ' या संस्थेचा एचपीव्ही लसीचा प्रकल्प चालू असताना काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचं उघड झालं. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात लेकीला टोचून घ्यायला नकार देणारा बाप अडाणी नव्हता. त्याची शंका रास्त होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं, आणि बार्शीसह देशात नऊ ठिकाणी चाललेला वेगळा अभ्यासही त्यात अडकला. हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांपैकी एकच मिळाली. याच मुलींच्या पाठपुराव्यातून २०२१ मध्ये दिसलं, की एक मात्रासुद्धा एचपीव्हीच्या मुख्य घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देते.

आता जादा हप्त्याची कल्पना या लसीला लावून पाहा. नकार आई-बापाचा, मुलीचं वय चौदा, आणि कर्करोग होण्याची शक्यता पंचवीस-तीस वर्षांनी. तिशीत पॉलिसी काढताना त्या नकाराची किंमत तिच्याकडून वसूल करायची? दरवर्षी नूतनीकरण होणारी पॉलिसी इतक्या लांबच्या धोक्याचा हिशेब मांडूही शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग लस घेणाऱ्याने न घेणाऱ्याचा भार का उचलायचा? प्रश्न रास्त आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात सक्ती नाकारताना सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांना वाव ठेवला आहे. साथ भडकलेली असताना, लस फुकट आणि हाताशी असताना, काही काळापुरतं गर्दीच्या ठिकाणी प्रवेश रोखणं मला पटतं. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादेत रेशन आणि पेट्रोलच लसीशी जोडलं गेलं, तेव्हा ती मर्यादा ओलांडली गेली. उपचारांचा विमा हा रेशनच्याच रांगेतला आहे. तो महाग केला की लस न घेतलेला माणूस पॉलिसीच सोडून देईल, आणि आजारी पडल्यावर सावकाराकडे नाहीतर सरकारी दवाखान्यात येईल. भार तिथे पुन्हा सर्वांवरच पडतो.

विमा कंपन्यांना लसीची एवढी काळजी असेल, तर त्यांनी आधी लसीचं बिल द्यावं. आज बहुतेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च मिळतो. मुलीच्या एचपीव्ही लसीसाठी खासगी दवाखान्यात मोजलेले हजारो रुपये मिळत नाहीत. निरोगी सवयींसाठी नूतनीकरणात सवलत द्यायची मुभा विमा नियामकाने दिलेलीच आहे. त्या यादीत लसीकरण ठळकपणे यावं. आणि सरकारने ही लस गावात आणताना आशाताईंच्या हातात फक्त नोंदवही देऊ नये. घरी बसून बोलायला लागणारा वेळ आणि त्याचं मानधनही द्यावं.