४४६ बाइटांचा ठिकाणा

सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि यंत्रमागाचा कारखाना अनेकदा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतात, आणि चादरी-टॉवेलांची नक्षी आता संगणकाच्या फायलींतही साठवली जात असल्याने अशा एखाद्या घरात जुन्या डेस्कटॉपचाच सर्व्हर केलेला आढळतो. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहून इतर यंत्रांना फायली पुरवणारा संगणक होय. त्याची कार्यप्रणाली नव्याने बसवल्यावर तो सुरूच न होणे हा बिघाड वरवर किरकोळ वाटतो. मात्र फायलींची दुसरी प्रत नसेल तर तो थेट पोटापाण्याच्या प्रश्नाला भिडतो. येथे वर्णिलेल्या दुरुस्तीने लक्ष वेधले ते एका चमत्कारिक लक्षणामुळे: इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत यंत्र बिनचूक सुरू होई आणि तो काढताच बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची ओळ काळ्या पडद्यावर उमटे.

दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने मालकांना प्रथम सांगितला तो एक आकडा: ४४६. जुन्या पद्धतीच्या यंत्रात मदरबोर्डवरील बायोस हा प्राथमिक प्रोग्रॅम डिस्कचा केवळ पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतो. त्यातील ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांची नोंद असते, शेवटच्या २ बाइटांत ओळखखूण असते आणि उरलेल्या ४४६ बाइटांत पुढचा प्रोग्रॅम कोठे आहे एवढेच सांगणारी सूचना मावते. तेथून ग्रब हा बूटलोडर, ग्रबकडून लिनक्सचा कर्नल आणि कर्नलकडून बाकीची प्रणाली, अशी ही साखळी चालते. जकार्ड मागावरील पुठ्ठ्याची कार्डे दोऱ्याने क्रमवार ओवलेली असतात आणि पहिलेच कार्ड निसटले तर पुढची सगळी शाबूत असूनही नक्षी नीट उतरत नाही, हे ज्या घराला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जमलेल्यांपैकी काहींनी सरळ फॉरमॅट मारण्याचा सल्ला दिला, पण तंत्रज्ञाने तो ठामपणे नाकारला. त्याने कॅबिनेट उघडले तेव्हा पंख्यावर सुताची लव दाट बसली होती. ती ब्रशने झाडून, मोबाइलच्या उजेडात दोन्ही डिस्कच्या लेबलांवरील अनुक्रमांक त्याने वहीत उतरवले आणि मगच पडद्यावरील यादीशी ताडून पाहिले. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते, परंतु ती बूट होताना डिस्क ज्या क्रमाने ओळखल्या जातात त्यावर ठरतात. इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘एसडीए’ हे नाव पेनड्राइव्हला मिळाले होते, त्यामुळे संपूर्ण प्रणाली योग्य डिस्कवर बसली आणि नेमके ते ४४६ बाइट पेनड्राइव्हवर लिहिले गेले. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करणे, अनुक्रमांकावरून डिस्क निश्चित करून तिच्यावर ग्रब पुन्हा बसवणे आणि पेनड्राइव्ह काढून पाहणे, एवढ्यावर काम संपले.

नव्या यूईएफआय पद्धतीत बूटलोडर एका स्वतंत्र छोट्या विभागात फाइल म्हणून राहतो आणि त्याचा पत्ता मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदवलेला असतो. तेथे पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आणि मदरबोर्ड दुसऱ्या पद्धतीवर ठेवलेला असला, तरी पडदा तसाच काळा राहतो. म्हणूनच कोणती पद्धत चालू आहे हे तपासल्याविना केलेले पुन्हा इन्स्टॉलेशन बहुधा तीच चूक गिरवते.

या कामाची कदर पुरेशी होत नाही, कारण त्यातील मुख्य कौशल्य काहीही न पुसण्यात आहे आणि न पुसलेले डोळ्यांना दिसत नाही. फॉरमॅट करणाऱ्यालाही पैसे मिळतात आणि यंत्र त्याच्याही हातून सुरू होते. फरक एवढाच की त्यात वर्षानुवर्षे जमवलेली नक्षी जाण्याचा धोका असतो. ४४६ बाइट काही क्षणांत पुन्हा लिहिता येतात, नक्षी तशी येत नाही. यासाठी कार्यप्रणाली बसवण्यापूर्वी फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे आणि साठवणीच्या डिस्कची केबल काढून ठेवणे हा प्रत्येक घरगुती सर्व्हरचा पहिला नियम असला पाहिजे, आणि आधी वाचून मग लिहिणाऱ्या तंत्रज्ञाला त्याच्या या सावधपणाचाही मोबदला मिळाला पाहिजे.